डावा हात आधी हलत नाही

बेटाच्या पुलावर वारा सुटलाय, गाड्या सावकाश सोडतायत, कोबेहून येणारी विद्यार्थ्यांची बस उशिरा पोचेल, असा निरोप आला तेव्हा नात्सुएला हायसं वाटलं. पाहुणे उशिरा येणार म्हणून कुणाला बरं वाटतं का? हिला वाटलं. ती बस अर्ध्या वाटेतून परत फिरली असती तर हिनं देवापुढे दिवा लावला असता. बाहेरून मात्र बसकरं मांडणं चाललं होतं. मांडत होती, उचलत होती, पुन्हा तिथंच मांडत होती.

"ताई, बसकरं मांडताय की त्यांना व्यायाम देताय?" शिनजीनं विचारलं. हा शिनजी एरवी टपाल वाटतो, आणि बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या मंडळीत बाहुलीच्या झग्याचा घेर सांभाळतो.

"तू चहाचं पाणी बघ."

"ते केव्हाच उकळलं. तुम्हीच मगाशी बघून गेलात."

नात्सुएनं आणखी एक बसकर उचललं. दिवसभर कांद्याच्या वखारीत उभं राहून काम करणारी ही बाई, पन्नाशी ओलांडलेली, सहसा घाबरत नाही. पण पाहुणी पोरं आली की मंडळीच्या वस्तादांच्या अंगात उदारपणा संचारतो, कुणाच्याही हातात काहीही देतात, हे तिला ठाऊक होतं. आज ते काय देऊन बसतील याचीच तिला धास्ती होती.

ही धास्ती कळायची तर मंडळीची रीत सांगायला हवी. बाहुली एक, माणसं तीन. डोकं आणि उजवा हात वस्ताद हिदेगोरोंकडे. डावा हात नात्सुएकडे, एका दांडीच्या टोकाला. खाली वाकून झगा हलवतो तो शिनजी. बाईच्या बाहुलीला पाय नसतात, ती चालते शिनजीच्या मुठींवर. तिघांत तोंड उघडं फक्त वस्तादांचं, पायात उंच खडावाही त्यांच्याच, बाकीची दोघं तोंडावरून काळी खोळ ओढून. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की डोक्याकडून खूण आल्याशिवाय डावा हात हलत नाही. खूण म्हणजे मानेचा बारीकसा झोका, खांद्याची जराशी उचल. बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. डावा आधी हलला तर जुने वस्ताद खेळ चालू असतानाच उंच खडावेनं त्याचा पाय चेचत, आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नसे.

गेले दोन हिवाळे नात्सुए हा नियम मोडत होती.

वस्तादांना कमी ऐकू येतं हे गावभर माहीत होतं. म्हातारपणी कुणाला येतं? मुलीनं घेऊन दिलेलं कानातलं यंत्र त्यांनी खणात टाकलं होतं, कानात माशी शिरल्यासारखं होतं म्हणून. "शामिसेनच्या तारा मला पोटात ऐकू येतात," असं ते छाती काढून सांगत, आणि लोक मान डोलवत. खरं काय ते एकट्या नात्सुएला माहीत होतं. पोटात नाही, कानात नाही, कुठंच काही ऐकू येत नव्हतं. तोमिएमावशी बाजूच्या ओट्यावर बसून गायची आणि शामिसेन वाजवायची. तिच्या तोंडाकडे आणि हाताकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत वस्ताद सगळा खेळ ओढून न्यायचे, आणि असा न्यायचे की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

अडायचं एकाच जागी. खेळातली बाई किनाऱ्यावर नवऱ्याच्या होडीची वाट बघत बसते. गाणं थांबतं, सगळं थांबतं. बाहुली ओट्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत राहते. मग शामिसेनचा एकच जड ठोका पडतो. ती देवळातली घंटा. आता होड्या यायच्या नाहीत, असं सांगणारी. त्या ठोक्यावर बाई मान वळवते आणि डावी बाही डोळ्यांना लावते. हा ठोका कधी पडेल ते तोमिएमावशीलाही आधी ठाऊक नसतं. समोरच्या लोकांचा श्वास बघून देते म्हणे. मनात आकडे मोजून तो पकडता येत नाही. तिथं नात्सुए दांडीला इतकीशी ओढ द्यायची. ओढ बाहुलीच्या खांद्याच्या फळीतून वस्तादांच्या मुठीत पोचायची आणि मान वळायची. या ओढीबद्दल दोघांत एक अक्षर कधी निघालं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, बाई मोठ्या मनाची. तर तसंही नाही. नात्सुएला डोकं हवं होतं. या बेटावर बायका डोकं धरतात, त्यात कुणाला नवल नाही. पण वरचा खाली उतरल्याशिवाय वर जागा होत नाही. आणि वस्तादांनी नव्या वर्षाच्या जेवणातच जाहीर करून टाकलं होतं, वसंतात देवळापुढच्या खेळाला डोकं मीच धरणार. कुणी विचारलं नव्हतं. न विचारता माणूस सांगतो तेव्हा त्याच्याही पोटात भीती असते. मग ती ओढ का देत राहिली? अख्ख्या गावापुढे त्यांची फजिती तिला बघवली नसती म्हणून. निदान तिची स्वतःची तशी समजूत होती.

बस आली. दहाबारा पोरं उतरली, वाऱ्यानं केस विस्कटलेली, आणि दारातून आत येताना एस्टोनियाचा एक ताडमाड मुलगा तुळईवर आपटला. "दरवर्षी एक तरी आपटतो," तोमिएमावशी तारा जुळवता जुळवता म्हणाली. "त्याशिवाय खेळाला रंग चढत नाही."

वस्तादांनी बाहुली उचलून दाखवली, हसवली, रडवली. पोरांनी फोटो काढले. मग एकेकानं झगा हलवून पाहिला आणि बाई दारू पिऊन चालल्यासारखी चालली. सगळे खिदळत होते. फक्त एक मुलगी हसत नव्हती. एफुआ नाव, देश घाना. कपाळाला आठी घालून ती दांडीकडे अशी बघत होती की जणू हिला उद्या परीक्षा आहे.

"आपण मला हा डावा हात शिकवाल का?" तिनं नात्सुएला विचारलं. भाषा पुस्तकातली, एकेक शब्द इस्त्री केलेला.

नात्सुएनं शिकवलं. दांडी कशी धरायची, मनगटाची दोरी कुठल्या बोटानं खेचायची. आणि सवयीनं, अगदी मन लावून, नियमही शिकवला. खूण आल्याशिवाय हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. मुलीचा हात चांगला होता. चुकली की चिडत नव्हती, पुन्हा करत होती. नात्सुएला ती आवडली, आणि क्षणभर धास्तीचाही विसर पडला.

तेवढ्यात वस्तादांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, साऱ्या घराला पुरेल असा. "या पोरीचा हात चांगलाय! दुपारच्या खेळात डावा हिला द्या!"

नात्सुएच्या तोंडचं पाणी पळालं. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "वस्ताद, पहिल्याच दिवशी? नको. हाताची दोरी तुटेल."

"तुटली तर बांधू."

"नवखी आहे हो. शेवटचा प्रवेश अवघड आहे."

"शेवटचाच प्रवेश करायचा!" वस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, जरा जास्तच वेळ. "का? तुझ्याशिवाय अडतं का माझं?"

अडतं म्हणावं तर सगळं उघडं पडतं, नाही म्हणावं तर वाद संपला. "नाही," ती म्हणाली.

जेवणात कांद्याचं सूप होतं, भाताचे मुटके होते, वाळवलेली बारीक मासळी होती. पोरं कांद्याचं कौतुक करत होती. नात्सुए मात्र जागेवर बसेना. एकदा उठली, खडावा पुसून आली. मग दोऱ्या बघायला गेली, त्या धडधाकट होत्या. शेवटी तिनं एफुआला कोपऱ्यात गाठलं.

"एक सांगते, ऐक. बाई समुद्राकडे बघत बसते ना, तेव्हा एकच जड ठोका पडेल. तो पडला रे पडला की दांडी अशी जराशी खाली ओढायची."

एफुआनं घास थांबवला. "पण आपण मला सांगितलंत की खूण येण्याआधी डावा हात हलवणे हा गुन्हा आहे."

"गुन्हा नाही गं. म्हणजे, आहे. पण तिथं एवढा चालतो."

"तिथे गुन्हा चालतो? तो का चालतो?"

"काय चालतं गं तिथं?" तोमिएमावशी लांबून ओरडली. हिचे कान मात्र सत्तरीतही मांजरीचे.

"काही नाही, मावशी! चहा घेता का?"

"चहा नको. काय चालतं ते सांग."

"काही चालत नाही!" नात्सुए म्हणाली, आणि एफुआकडे वळून हळूच म्हणाली, "जाऊ दे. विसर."

"आपण निश्चिंत राहावे," एफुआ गंभीरपणे म्हणाली. "मी खुणेची वाट पाहीन. नियम मोडणार नाही."

निश्चिंत! नात्सुएला हसावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा कळेना.

खेळ सुरू झाला. नात्सुएची खोळ एफुआनं घातली होती, म्हणून नात्सुए उघड्या तोंडानं आडोशाला उभी होती. इतक्या वर्षांत हा प्रवेश तिनं बाहेरून पाहिलाच नव्हता. वस्ताद सुंदर करत होते, आणि ते पाहून तिला त्यांचा रागच आला. बाई वाळूतून आली, बसली, केस सारखे केले. एफुआचा हात खुणेमागून येत होता, जरा अवघडलेला, पण प्रामाणिक. बाई समुद्राकडे वळली. समुद्र म्हणजे आडोशाची बाजू. म्हणजे वस्ताद आता सरळ नात्सुएच्या समोर होते, आणि ओट्याकडे त्यांची पाठ होती.

गाणं थांबलं. पोरंही गप्प झाली.

ठोका पडला.

बाई बसून राहिली. एफुआचा हात दांडीवर घट्ट, डोळे बाहुलीच्या मानेवर. खूण नाही, म्हणून हालचाल नाही. तिनं काहीच चूक केली नाही.

वस्ताद नात्सुएकडे बघत होते. बाहुलीच्या डोक्यावरून, थेट. चेहरा दगडाचा, खेळात असायला हवा तसा, पण डोळे विचारत होते. पडला का? आता?

नुसती मान हलवायची होती. डोळे मिटून उघडले असते तरी भागलं असतं. फळ्यांवर पाय आपटला असता तर खडावांतून त्यांना कळलं असतं. हे सगळं तिला त्या एवढ्याशा वेळात सुचलं, आणि त्यातलं काहीही तिनं केलं नाही. पडू दे यांना, असं तिच्या मनात आलं. एकदा पडू दे. अगदी स्पष्ट, शब्दांत आलं, आणि ते आलेलं तिला आवडलं. मग लगेच तिची तिलाच शिसारी आली, पण तरी मान हलली नाही.

तोमिएमावशीनं पुन्हा ठोका दिला. या खेळात दुसरा ठोका नसतोच. खाली वाकलेल्या शिनजीनं डोकं वर करून पाहिलं. समोर पोरांत चुळबुळ झाली. बाई अशीच बसायची असते की काय, त्यांना काय कळणार.

वस्तादांनी बाहुली सावकाश खाली घेतली. अजून नात्सुएकडेच बघत होते.

"वाजवलं का तिनं?"

"दोनदा," तोमिएमावशी त्यांच्या पाठीला म्हणाली. ते त्यांना पोचलं नाही. सगळे नात्सुएकडे बघू लागले. तिनं हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

वस्तादांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग "हं," असं म्हणून ते पोरांकडे वळले आणि नेहमीच्या ओरडत्या आवाजात म्हणाले, "या पोरीचं काही चुकलं नाही! कान माझे गेलेत. मला आज बघायचं होतं, एकट्यानं जमतं का. नाही जमत!"

मग वस्ताद खडावांवरून उतरले. उतरताना तोल गेला, तर एफुआनं धरलं, आणि त्यांनी धरू दिलं. खडावांशिवाय ते नात्सुएपेक्षा बुटके होते.

"चढ," ते नात्सुएला म्हणाले.

"वस्ताद..."

"ओठ हलवू नकोस, चढ. डाव्याला कान लागत नाहीत, डोळे लागतात. ते आहेत माझे." एफुआकडे हात करून ते म्हणाले, "दे गं ती खोळ."

एफुआनं खोळ काढून दोन्ही हातांनी, वाकून दिली. वस्तादांनी ती डोक्यावर ओढली. तरणे असताना डोकं हातात आलं तेव्हा खोळ उतरवली होती, त्यानंतर आज. तोमिएमावशीनं तार जुळवायच्या निमित्तानं खाली मान घातली.

नात्सुए खडावांवर चढली. मूठ बाहुलीच्या डोक्याच्या दांड्याभोवती मिटली. हे डोकं तिनं घरी रिकाम्या हातानं हजारदा धरलं होतं. खरं धरलं तेव्हा ते तिला वाटलं होतं त्याहून जड निघालं. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचा आनंद म्हणून काही तिला सापडेना.

बाई पुन्हा समुद्राकडे वळली. गाणं थांबलं.

ठोका पडला. पुन्हा काही झालं नाही.

या वेळी नात्सुए थांबली होती. तिला ठोका नीट ऐकू आला होता, आणि ती सवयीनं डाव्या हाताच्या ओढीची वाट बघत होती! डोकं डाव्यासाठी थांबलेलं, डावा डोक्यासाठी. तेवढ्यात खोळीच्या आतून साऱ्या घराला ऐकू जाईल असा आवाज आला,

"अगं, मी वाट बघतोय!"

पोरं फस्सकन हसली. शिनजी झग्याखाली हसला, बाईचा घेर थरथरला. आणि त्या हसण्यातच नात्सुएनं मान वळवली. खूण दिली. बाही उठली. एक क्षण आधी नाही, एक क्षण मागे नाही, जणू त्या बाहीला फक्त ही मानच माहीत होती. ती बाही डोळ्यांपाशी आली तेव्हा हसणारी पोरं एकेक करत गप्प झाली. नात्सुएला वाटलं, आपण इतकी वर्षं डावा धरला, पण असा कधी धरला नाही.

टाळ्या झाल्या. पोरं चपला शोधू लागली. वस्ताद खोळ काढून पाठमोरे बसले होते, घामानं केस कपाळाला चिकटलेले. नात्सुए त्यांच्यामागे उभी राहिली.

"मला मान हलवता आली असती," ती हळूच म्हणाली. "मी हलवली नाही."

वस्ताद घाम पुसत राहिले.

"पाठीला काय सांगतेस?" तोमिएमावशी शामिसेनला गवसणी घालत म्हणाली. "पाठीला सांगणं सोपं आहे, पोरी. समोर जा."

नात्सुए फिरून समोर गेली, गुडघे टेकून बसली आणि तेच पुन्हा म्हणाली. वस्तादांनी तिच्या ओठांकडे पाहिलं.

"काय?"

"मी मान हलवली नाही. तुम्ही बघत होतात तेव्हा."

"काय म्हणतेस?"

कळलं नव्हतं, की कळून विचारत होते, हे त्यांच्या तोंडावरून सांगता येईना. नात्सुएच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला संताप आला. त्यांचा, स्वतःचा, दोन हिवाळे न बोलता काढले त्याचा.

"मुद्दाम!" ती ओरडली. "मुद्दाम नाही हलवली! पडू दे म्हटलं तुम्हाला! मला डोकं हवं होतं!"

दारातली पोरं चपला हातात घेऊन थांबली. एफुआनं हात तोंडावर धरला. बाहेर बसचा चालक भोंगा वाजवणार होता, तोही थांबला.

"हां," वस्ताद म्हणाले. "आता ऐकू आलं."

त्यांनी खोळ उलटीसुलटी करून पाहिली, शिवण ताणून पाहिली.

"तुझी खोळ मला घट्ट होते. वसंताच्या आत माझ्या मापाची एक शिवून दे."